हंड्यावरची वेल

राजेश्री मॅडमच्या डोक्यावरचा पदर शाळेच्या फाटकाशी उतरतो आणि संध्याकाळी त्याच फाटकाशी परत चढतो, अशी गावात थट्टा चालते. थट्टा खोटी नाही. चार वर्षांपूर्वी बदल्यांची यादी निघाली आणि तिच्या नावापुढं नेमकं सासरचंच गाव आलं. ताडकळसच्या बाजारावर जगणारं लहानसं गाव ते. अर्ध्या गावाची ती सून आणि उरलेल्या अर्ध्याच्या पोरांची मास्तरीण. रस्त्यात चुलतदीर दिसला की मान खाली घालून बाजूला होते, आणि त्याच दिराच्या पोराला वर्गात कान धरून उभं करते. लोकांना याची गंमत वाटते. तिला मात्र पहिल्या दिवसापासून धास्ती होती, की या दोन जागांचं एक दिवस आपसांत भांडण लागणार.

धास्ती हा तर तिचा स्वभावच. कुलूप लावलं का ते पाहायला ती दोनदा मागं फिरते. सहल निघाली की पोरं गाडीत चढताना मोजते, बसल्यावर मोजते आणि गाडी हलली की पुन्हा एकदा मोजते. अशी घाबरट बाई पुस्तक वाचून दाखवून मोकळी होत असेल, असं कुणालाही वाटेल. पण इतिहास आणि मूल्यशिक्षण चार भिंतींत शिकवायचं नाही, हा तिचा हट्ट. पोरांना घेऊन ती गावच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या मोजायला जाते, म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसवते, जात्याच्या ओव्या ऐकून लिहायला लावते. पुस्तकातला खरेपणा पुस्तकातच राहतो, असं तिचं म्हणणं. ते पटलं तरी बाकीच्या शिक्षकांना एवढी उठाठेव नको वाटते, आणि त्यांचंही काही चूक नाही.

गेल्या साली ती सहावीची पोरं चारठाण्याची जुनी देवळं दाखवायला घेऊन गेली होती. परत येताना गाडी जिंतूरला चहासाठी थांबली, तेव्हा भक्ती नावाच्या पोरीच्या दप्तरातून कोरीव दगडाचा एक कपचा निघाला, बोटभर, फुलाच्या पाकळीचा. खाली पडला होता म्हणून उचलला, असं ती रडत सांगू लागली. राजेश्रीनं गाडी माघारी वळवली. ड्रायव्हर कुरकुरला, पोरं भुकेजली, घरी पोचायला दिवस मावळला आणि पालक फाटकाशी तोंडं फुगवून उभे. पण कपचा जिथला तिथं गेला. "दुसऱ्याची वस्तू आपल्या खिशात आली, म्हणून ती आपली होत नसते," असं ती त्या दिवशी सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. पुढं हे वाक्य तिच्याच गळ्यात पडायचं होतं. तेव्हा कसं कळावं?

यंदा सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, झेंडावंदनानंतर शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं तिनं ठरवलं. प्रत्येकानं घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणायची आणि ती घरात कशी आली ते चिठ्ठीवर लिहायचं. नियम दोनच. खरं असेल तेच लिहायचं, आणि ज्यानं गोष्ट सांगितली त्याला चिठ्ठी वाचून दाखवून, तो हो म्हणाला तरच मांडायची. प्रदर्शनाच्या दिवशी ज्याच्या त्याच्या वस्तूपाशी पोरांनी उभं राहायचं आणि येणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही ही वस्तू आधी कुठं पाहिली आहे का? म्हणजे म्हातारी माणसं नुसती बघून पुढं जाणार नाहीत, थांबतील, बोलतील. युक्ती तिचीच होती आणि तिला तिचा मोठा अभिमान होता.

पोरांनी विळे आणले, दिवट्या आणल्या, कुणी निजामाच्या वेळचं नाणं आणलं. मग एकानं विचारलं, मॅडम, तुमची वस्तू? बाईंनी काहीच आणायचं नाही म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्या दिवशी ती स्कूटीच्या पुढ्यात ठेवून घरचा तांब्याचा हंडा घेऊन आली. 

हा हंडा घरात साधासुधा नव्हता. महालक्ष्म्या बसल्या की यात गहू भरून त्यावर थोरलीचा मुखवटा बसायचा. त्याच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांची वळणदार वेल कोरलेली होती. सणाच्या आदल्या दिवशी चिंचेनं ही वेल लख्ख करायची, हे काम घरातल्या सुनेचं. राजेश्रीच्या सासूनं ते केलं, तिच्या सासूनं, म्हणजे धुरपदाबाईनं केलं, आणि पंचवीस वर्षांपासून राजेश्री करत होती. यंदाच्या महालक्ष्म्या उठून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. वेलीच्या वळणांत हळदीकुंकू अजून बसलेलं होतं.

वर्गात पोरं भांड्यांवरची नावं वाचत होती. कुणाच्या तपेल्यावर आजीचं नाव, कुणाच्या परातीवर मामाचं. अल्फिया नावाची पोरगी हंड्यापाशी वाकली. ती सकाळी मशिदीतल्या मदरशात उर्दू शिकून मग शाळेत येते. तिनं मान तिरकी केली, बोट वेलीच्या उजव्या टोकाला ठेवलं आणि डावीकडं सरकवत नेलं.

"मॅडम, ही वेल न्हाई," ती म्हणाली. "नाव हाय. रहमतबी. अन् म्होरं आकडा हाय, तेरशे अट्ठेचाळीस."

राजेश्रीनं मनात हिशोब मांडला. तेरशे अठ्ठेचाळीस म्हणजे फसली साल. निजामाच्या राज्यात कागदोपत्री तेच चालायचं. गावातल्या जमिनींच्या जुन्या कागदांवर तिनं ते पाहिलं होतं. म्हणजे एकोणीसशे अडतीसच्या आसपास. पोरं लगेच तर्क लढवू लागली. बाजारातून घेतला असेल, लग्नात दिला असेल. भक्ती मात्र त्या नावाकडंच पाहत होती. तिनं विचारलं, "मग आता परत कुणाला द्यायचा, मॅडम?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि तेच राजेश्रीला जास्त लागलं.

संध्याकाळी तिनं सासऱ्यांना विचारलं. सुग्रीवरावांचं वय चौऱ्याऐंशी. कानांनी आणि डोळ्यांनी ठीक, बोलायला मात्र आधीपासूनच कमी. ओसरीवर बाजेवर बसून होते. हंड्यावर नाव आहे म्हणताच त्यांनी एवढंच विचारलं, कुणी वाचलं? तिनं अल्फियाचं नाव सांगितलं. ते आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकर ताटात तशीच राहिली.

नवऱ्याला, शिवशंकरला, तिनं सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हे. त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे, गावात सगळ्यांशी येणंजाणं आहे. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उकरायलीस? गावात आज समदं नीट हाय. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग काढंल, खाली भलतंच काही लिव्हंल, अन् संध्याकाळपस्तोर परभणीला जाईल ते. मंग तू आवरणार हायस का?" तिला स्वतःला हीच भीती होती. त्याहून वाईट भीती दुसरीच होती. लोक हंड्याला काही म्हणणार नाहीत. ते विचारतील, हे उकरलं कुणी? आणि बोट एका बारा वर्षांच्या पोरीकडं जाईल. त्या पोरीनं काय केलं होतं? समोर होतं ते वाचलं होतं.

या भागात म्हातारी माणसं त्या दिवसांना दोन नावं देतात. आधीचं ते रझाकार आणि नंतरचं ते पोलीस ॲक्शन. पहिल्याच्या गोष्टी ओट्याओट्यावर ऐकायला मिळतात. दुसऱ्याचा विषय निघाला की माणसं तंबाखू मळायला लागतात. राजेश्रीनं इतिहास शिकवण्यात उभी नोकरी घालवली, पण ही तंबाखू आपल्याच ओसरीवर मळली जाते आहे, हे तिला माहीत नव्हतं.

रविवारी दुपारी ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. सुग्रीवराव उठून बसले आणि कुणी न विचारता बोलू लागले. रझाकारांच्या भीतीनं हे सगळं कुटुंब तीन रात्री शिंदीच्या बनात लपून राहिलं होतं, ते त्यांनी आधी सांगितलं. तेव्हा ते सात वर्षांचे. मग निजाम गेला आणि वारं फिरलं. शेजारी रहमतबीचं घर. नवरा कापूस पिंजणारा. अर्ध्या गावाच्या गाद्या त्याच्या हातच्या, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. आसपासच्या गावांतून नको नको त्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा एका पहाटे नवरा-बायको लेकरांना घेऊन पूर्णेच्या स्टेशनाकडं निघून गेले. जाताना रहमतबीनं कुडावरून हंडा सुग्रीवरावांच्या आईच्या, धुरपदाबाईच्या हातात दिला. अमानत आहे, सांभाळून ठेव, म्हणाली. 

दोन-तीन महिन्यांनी ती परत आली, एकटी. नवऱ्याचं, लेकरांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. तिनं हंडा मागितला. तोवर या घरानं तो कडब्याच्या गंजीत दडवला होता. आजूबाजूला सगळ्यांनी काही ना काही घरात आणलं होतं, यांनी निदान लुटला तरी नव्हता, अशी मनाची समजूत घातलेली. धुरपदाबाईनं सांगितलं, बाहेरगावचे लोक आले अन् घेऊन गेले. रहमतबी वळली आणि गंजीवर बसलेल्या पोराला तिनं विचारलं.

"बेटा, तू देखा क्या मेरा हंडा?" हे वाक्य सुग्रीवरावांनी तिच्याच बोलीत म्हटलं. सत्त्याहत्तर वर्षं ते त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं राहिलं होतं. "मी त्याच्यावरच बसलो व्हतो, माय. कडब्यातून काठ टोचायलता मांडीला. माझ्या मायनं माझ्याकडं पाह्यलं. मी मान हलवली. न्हाई म्हणलो."

रहमतबी जवळ आली. त्या पोराच्या तोंडावरून तिनं दोन्ही हात उतरवले, स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, खुश रह बेटा म्हणाली आणि गेली. परत आली नाही. त्या सालापासून महालक्ष्मी त्या हंड्यावर बसू लागली. देवीपाशी ठेवलं की वस्तू पवित्र होते, असं धुरपदाबाईला वाटलं असावं. सुग्रीवराव मात्र दर सणाला आरतीच्या वेळी ओसरीवरच थांबायचे. गुडघे दुखतात म्हणायचे. राजेश्रीनं पंचवीस वर्षं त्या गुडघ्यांना तेल चोळलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच, लाज वाटावी अशी, चिठ्ठीची आठवण आली. तिनं सासऱ्यांना चाचरत विचारलं, मामा, मी हे लिहू का? म्हातारा पुन्हा भिंतीकडं वळला. "मी मेल्यावर लिव्ह," म्हणाला.

आता झाली पंचाईत. नियम तिचेच, आणि त्या दोन्हींनी मिळून तिला कोंडीत धरलं. खरं तेच लिहायचं, आणि ज्याची गोष्ट आहे त्याच्या होकाराशिवाय लिहायचं नाही. पहिली चिठ्ठी तिनं लिहिली, आमच्या घरचा पिढीजात हंडा. फाडली. दुसरी लिहिली, शेजारणीकडून मिळालेला. हा 'मिळालेला' एखाद्या पोरानं लिहिला असता तर तिनं लाल पेनानं गोल केला असता. तीही फाडली. तिसरीवर सगळं खरं लिहिलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं, जणू ती पर्समध्ये असली की लिहिल्यासारखंही होईल आणि न लिहिल्यासारखंही. हंडा न्यायचाच नाही, हा मार्गही होता. पण तेवीस पोरांनी नाव ऐकलं होतं. हंडा गुपचूप नाहीसा झाला असता तर मूल्यशिक्षणाचा तास पुन्हा कोणत्या तोंडानं घेणार?

सतराला सकाळपासून आभाळ दाटलेलं होतं. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, गाव वर्गात लोटलं. हंड्यापुढं तिनं कोरी चिठ्ठी ठेवली होती, आणि आणखी एक गोष्ट केली होती, जिची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटली. अल्फियाला तिनं हंड्यापासून हलवून दाराजवळच्या विळ्यांपाशी उभं केलं होतं, आणि हंड्यापाशी दुसऱ्या एका पोराला. पोरीला जपायचं म्हणून. थोड्या वेळानं अल्फिया तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी चुकीचं वाचलं व्हतं का?"

राजेश्रीला भर वर्गात चपराक बसल्यासारखं झालं. न्हाई गं, बरोबर वाचलंस, ती म्हणाली. शाळेतली शुद्ध भाषा त्या घडीला तिला सुचलीच नाही. तिनं पोरीचा हात धरला आणि तिला परत हंड्यापाशी नेऊन उभं केलं. दाराशी दोन-तीन मोबाईल वर झालेले तिला दिसले. तिनं पोरं मोजली. मोजायचं काही कारण नव्हतं.

माणसं हंड्यापाशी थांबत होती, नाव ऐकत होती, कोरी चिठ्ठी पाहत होती. अल्फिया प्रत्येकाला ठरलेला प्रश्न विचारत होती. तरणी माणसं नाही म्हणून हसत होती. दोघातिघा म्हाताऱ्यांनी राजेश्रीकडं एकदा पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडं सरकले. त्यांना माहीत आहे, हे तिला कळलं. अख्ख्या जुन्या पिढीला माहीत होतं, फक्त वाचता येत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. शिवशंकरच्या मागून सुग्रीवराव उतरले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. राजेश्रीचा हात सवयीनं पदराकडं गेला. शिवशंकरनं तिच्याकडं पाहून खांदे उडवले. सकाळपासून ने म्हणून मागं लागले होते, असं तो नंतर सांगत होता. म्हातारा टेबलामागून टेबल पाहत आला. नाणं पाहिलं, दिवटी पाहिली. तिला वाटलं, पुढं होऊन त्यांना बाहेर न्यावं, बाकावर बसवावं, पाणी द्यावं. पण ती जागीच थांबली.

सुग्रीवराव हंड्यापुढं उभे राहिले. अल्फियाला ते कोण एवढंच ठाऊक होतं, बाकी काहीच नाही. तिनं सगळ्यांना विचारत होती तसंच विचारलं.

"आजोबा, तुमी हा हंडा आधी कुठं पाह्यला हाय का?"

वर्गात कालवा होता, पण त्या टेबलाभोवतीचा हळूहळू निवळत गेला. सुग्रीवरावांनी मान हलवायला सुरुवात केली, आडवी. मग ती मान थांबली.

"पाह्यला, बेटा," ते म्हणाले. "मी त्याच्यावरच बसलो व्हतो."

त्यांना खुर्ची दिली. अल्फियानं, कुणी सांगण्याआधीच, कोरी चिठ्ठी पुढं ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. नियम तिला पाठ होते. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. कुडावरून दिलेली अमानत, कडब्याची गंजी, एकटी परत आलेली बाई. दाराशी एक मोबाईल अजून वर होता. ज्या म्हाताऱ्यांनी मघाशी पाठ फिरवली होती त्यांतला एक माघारी आला आणि त्या मोबाईलच्या आडवा उभा राहिला. उद्या काय होईल, याची काळजी राजेश्रीला होतीच. ती काळजी कुठं जाणार होती? भक्ती गर्दीतून पुढं आली होती आणि शेवटी एक ओळ घालायला सांगत होती, हंडा कुणाला परत द्यायचा त्याचा शोध चालू आहे. सुग्रीवरावांनी त्या ओळीला हो म्हटलं.

मग अल्फियानं नियमाप्रमाणं सगळी चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली. एका ठिकाणी ती अडखळली. तिनं आधी मॅडमकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं.

"आजोबा, 'मी खोटं बोललो' हे ठेवू का?"

"ठेव," सुग्रीवराव म्हणाले. "तेवढंच लिवायचं राह्यलं व्हतं."

अल्फियानं चिठ्ठी हंड्याला टेकवून उभी केली, नाव झाकलं जाणार नाही अशी.